माळाची पोथी

जी वस्तू नित्य डोळ्यांसमोर असते तिच्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते, हा अनुभव वाङ्मयात जसा येतो तसाच भूमीच्या बाबतीतही येतो. पुण्याहून सोलापूरकडे अथवा साताऱ्याहून पंढरपूरकडे जाताना वाटेत दिसणारा माळ वाचकांनी क्षणभर आठवून पाहावा. चैत्र-वैशाखात तो पिवळा-करडा दिसतो. कोठे खडक उघडा पडलेला असतो. एखादा हिवर, एखादी बोरीची जाळी आणि दूरवर मेंढरांचा कळप. हे दृश्य पाहून आपल्या तोंडून सहज शब्द निघतो तो 'ओसाड'. बोलणारा थोडा अधिक वाचलेला असला तर तो 'उजाड' म्हणतो, आणि सरकारी दप्तराशी त्याचा संबंध असला तर 'पडीक' म्हणतो. एवढ्या तीन शब्दांत त्या भूमीचा निकाल लागतो. हा निकाल कितपत न्याय्य आहे, आणि तो लावण्यात मराठी वाङ्मयाचा व मराठी टीकेचा वाटा किती आहे, ह्याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ह्या विचारास निमित्त झाला तो एक शास्त्रीय निबंध. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्या दोन अभ्यासकांनी २०२५ साली 'पीपल अँड नेचर' ह्या इंग्रजी नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. विषय आहे पश्चिम महाराष्ट्रातील माळांचा पूर्वेतिहास. हे माळ पूर्वीपासूनच माळ आहेत, की एके काळी येथे घनदाट अरण्य होते व माणसाने ते तोडल्यामुळे हा उघडा भाग मागे राहिला, असा साधा प्रश्न त्यांनी घेतला आहे. तो सोडविण्यासाठी त्यांनी जी साक्ष काढली ती मात्र साधी नाही. त्यांनी मराठी वाङ्मय उघडले. १३ व्या शतकापासून पुढच्या ओव्या, कथा, चरित्रे व आख्यायिका चाळून त्यांतील रानवनस्पतींचे उल्लेख त्यांनी वेचले. अशा ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांपैकी २७ उघड्या माळाची खूण सांगणाऱ्या, १४ कोठेही वाढणाऱ्या, आणि निव्वळ दाट अरण्याच्या अशा अवघ्या ३ निघाल्या. ह्यावरून निदान ७५० वर्षे तरी ही भूमी गवताची व विरळ झाडांची आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. ज्ञानदेवांच्या काळीही माळ हा माळच होता, असे थोडक्यात म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा आहे, असे कोणी समजू नये. माळ हे उद्ध्वस्त अरण्य असेल, तर त्यावर झाडे लावणे हे आपल्या पूर्वजांच्या पापाचे प्रायश्चित्त ठरते. परंतु माळ ही जर निसर्गाची स्वतंत्र रचना असेल, तर तेथे खड्डे खणून झाडांच्या रांगा उभ्या करणे हा तिच्यावर अतिक्रम ठरतो. एकच कृती एका वाचनाने पुण्य व दुसऱ्या वाचनाने अपराध होते. म्हणून वाचन बरोबर झाले पाहिजे. आणि वाचन बरोबर होते की नाही हे पाहणे हाच टीकेचा धंदा असल्यामुळे, वनस्पतिशास्त्राच्या ह्या प्रांतात आम्ही पाऊल टाकीत आहो.

प्रथम टीकाकाराच्या बाजूने एक शंका. काव्याला साक्षीदार म्हणून उभे करता येते काय? आमच्या पंडित कवींनी वर्णिलेली उपवने पुष्कळदा जमिनीत उगवलेली नसून संस्कृत महाकाव्यांत उगवलेली असतात. अशोक, बकुल, चंपक, तमाल ह्यांची यादी एकदा सुरू झाली की कवी कोणत्या गावी बसून लिहीत आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अशा वर्णनांवरून त्या काळच्या वनशोभेचे अनुमान करू लागलो तर सारा दख्खन चंदनाच्या झाडांनी भरून जाईल. उलट, महानुभावांचे गद्य घ्या. म्हाइंभटाने शके १२०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामी गोदातीरी पायी हिंडतात. कोठे बसले, कोठे निजले, वाटेत काय भेटले, हे सारे तेथे येते ते हकिगत म्हणून. तेथे झाडाचे नाव आले तर ते अलंकारासाठी आलेले नसते. धनगरांच्या ओव्यांचेही तेच. ज्याला रोज मेंढरे कोठे न्यावयाची हे ठरवावे लागते त्याच्या गाण्यात हिवर, बोर, तरवड आले तर ते त्याच्या पायाखालच्या वाटेवरचे असतात.

ह्यावरून एक नियम बांधता येईल. जो उल्लेख कवीने शोभेसाठी मुद्दाम केला तो संशयाने घ्यावा, आणि जो ओघात सहज होऊन गेला तो विश्वासाने घ्यावा. साक्षीपुराव्याचा हा नियम न्यायालयात चालतो तसा वाङ्मयातही चालतो. तरीसुद्धा दोन अडचणी उरतात. पहिली मौखिक वाङ्मयाच्या काळाची. गुंथर सोंथायमर ह्या जर्मन पंडिताने बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा ह्या दैवतांच्या मागे धनगरांच्या वाड्यांवर हिंडून ज्या ओव्या जमविल्या त्या गायिल्या गेल्या २० व्या शतकात. त्यांतील कोणती ओळ किती जुनी हे कोण सांगणार? दुसरी अडचण नावांची. एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन निरनिराळी झुडपे ओळखली जातात. ह्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्यांनी मूळ निष्कर्ष ढासळत नाही. एकेक साक्षीदार कच्चा असला तरी परस्परांना न ओळखणारे पुष्कळ साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले म्हणजे ती मानावीच लागते. शिवाय वाङ्मयाखेरीज दुसरा पुरावाही हेच सांगतो. भारतातील उघड्या गवताळ प्रदेशांत, जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या, २०० हून अधिक वनस्पती आहेत. पाच-सातशे वर्षांच्या जंगलतोडीतून असा वंशविस्तार निर्माण होत नाही. त्याला लक्षावधी वर्षे लागतात. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशाची गवते पसरली त्याला ७०-८० लक्ष वर्षे झाली असे भूस्तरशास्त्र सांगते. कुऱ्हाड त्या मानाने कालची आहे.

आता आमच्याच घरचा झाडा घेऊ. मराठी वाङ्मयाने माळाची साक्ष इतकी चोख जपून ठेविली असता मराठी टीकेने ती का ऐकली नाही? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू त्या लोकांचा होतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी उठून जाते, हे कथानक वाचकांस विदित आहेच. ह्या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हीही घरगुती चर्चेत तिच्याविषयी पुष्कळ बोललो आहो. परंतु बोलताना आम्ही माळाला कथेची पार्श्वभूमी समजलो, आणि त्याचे वर्णन 'रखरखीत', 'भकास' अशा विशेषणांनी करून मोकळे झालो. त्या माळावर मेंढरे जगतात म्हणून माणसे जगतात, म्हणजेच माळ हा त्या कथेतील अन्नदाता आहे, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. दुष्काळात माळ वाळला म्हणजे मेला, असे आम्ही समजलो. माळाचा प्राण जमिनीखाली असतो. बारमाही गवताचा बराचसा देह मुळांचा असतो, आणि मृगाचे चार शिंतोडे पडले की तो पुन्हा वर येतो. हिरवे ते जिवंत आणि पिवळे ते मृत, ही अभिरुची आम्हांला कोकणच्या वर्णनांनी व इंग्रजी क्रमिक पुस्तकांनी शिकविली. तिच्या आहारी जाऊन आम्ही देशावरच्या निम्म्या सृष्टीला कुरूप ठरविले.

टीकाकाराच्या अभिरुचीने फार तर एखाद्या पुस्तकाचे नुकसान होते. परंतु तीच अभिरुची सरकारी कागदावर उतरली म्हणजे तिला हातपाय फुटतात. इंग्रजी अमदानीत जमिनीची प्रतवारी साऱ्यासाठी झाली. जी जमीन नांगराखाली नाही व सारा देत नाही ती 'पड'. जी नांगरता येत नाही ती 'खराबा'. आजही सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द आपण वाचतो, आणि ज्या तुकड्यात ससे, तित्तर व दहा जातींचे गवत नांदते तो तुकडा खराब कशाने झाला, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. स्वराज्यातही हा शब्द बदलला नाही. केंद्र सरकारने २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध केले. २०१९ च्या नकाशांप्रमाणे सुमारे ५ कोटी ५७ लक्ष हेक्टर, म्हणजे देशाचा जवळजवळ सहावा हिस्सा, पडीक आहे. त्यात खरोखर नापीक जमीन आहे, तशी झुडपी माळाची व चराऊ कुरणांचीही आहे. एकदा जमीन पडीक ठरली की तिला 'उपयोगात' आणणे हे कर्तव्यच होऊन बसते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ ह्या वर्षांत वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. शेवटच्या वर्षीचा संकल्प ३३ कोटी झाडांचा होता. संकल्पाच्या सद्धेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु एवढी झाडे लावावयास मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटली की माळाकडेच बोट जाते.

सरकारी कागदाने माळाला नावे ठेविली, तशी खेड्यातल्या माणसाने माळावर आलेल्या परक्या झाडांना नावे दिली. ह्या दोन नामकरणांची तुलना करण्याजोगी आहे. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या झुडपाला बागेत मानाचे स्थान मिळाले. रानात ते पसरू लागल्यावर लोकांनी त्याला 'घाणेरी' म्हटले. सह्याद्रीच्या उतारांवर रानाचा बिमोड करीत गेलेल्या दुसऱ्या एका झुडपाला लोकांनी 'रानमोडी' म्हटले. एका शब्दात त्याचे सारे चरित्र आले. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले 'गाजरगवत' पाहता पाहता साऱ्या देशात पोहोचले, आणि त्याला आवरण्यासाठी १९८४ साली मेक्सिकोतून खास भुंगे आणावे लागले. 'सुबाभूळ' हे नाव खात्यांनी व पत्रकांनी दिले. शेतकऱ्याने चार पावसाळे पाहून तिला 'कुबाभूळ' केले. 'तण खाई धन' ही म्हण ज्याच्या घरची आहे त्याला हे सांगावे लागत नाही. परंतु ह्या सर्वांत मोलाचे नाव 'वेडी बाभूळ' हे होय, आणि त्याचा अर्थ नीट कळण्यासाठी आपल्याला थोडा वेळ महाराष्ट्राबाहेर, कच्छात, गेले पाहिजे. कारण त्या झाडाचे वेड तेथे पूर्णत्वास गेले आहे.

कच्छच्या रणाच्या कडेला बन्नी नावाचा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचा गवताळ प्रदेश आहे. एके काळी तो आशियातील उत्तम कुरणांत गणला जाई. तेथील मालधारी गुराख्यांनी कांकरेज गाई व बन्नीच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जोपासल्या. त्या म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. रणाचे खारटपण पुढे सरकत आहे, ते थोपविले पाहिजे, ह्या हेतूने १९६०-६१ साली येथे ३१,००० हेक्टरांहून अधिक जागेवर ही विलायती बाभूळ लावण्यात आली. हे झाड मूळचे अमेरिकेचे. हिंदुस्थानात १८७७ साली जमैकाहून आणलेले बी कडप्पा भागात पेरले गेले, आणि जोधपूर संस्थानात तर १९४० साली त्याला शाही वृक्षाचा मान मिळाला होता. कोठेही जगते, कोणी खात नाही, जळणाला लाकूड देते. आणखी काय पाहिजे? बन्नीतही ते जगले. त्याच्या शेंगा गोड असतात. गुरे त्या आवडीने खातात. आतले बी इतके टणक की ते पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते, आणि वर खताची सोय झालेली असते. म्हणजे ज्या गुरांसाठी कुरण होते त्याच गुरांना ह्या झाडाने आपले पेरणारे केले. त्याची मुळे खोल जातात. त्याच्या गर्द काटेरी जाळीखाली गवत टिकत नाही. वरून तोडले तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. नुसत्या शेंगांवर राहिलेली गाय आजारी पडते. म्हैस त्या मानाने तग धरते. गाईंचे कळप असलेल्या घरांत म्हशी वाढल्या, आणि कित्येक कुटुंबे पशुपालन सोडून कोळसा पाडू लागली. आज बन्नीचा निम्म्याच्या आसपास भाग ह्या झाडाने व्यापला आहे. कच्छी माणूस त्याला 'गांडो बावळ' म्हणतो. गांडो म्हणजे वेडा. दोन भाषांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता त्याच झाडाला तेच विशेषण द्यावे, ह्यापेक्षा बोलके टीकावचन आम्हांस माहीत नाही.

बन्नीची कथा सांगून दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणे सोपे आहे. आपल्या डोळ्यातील मुसळही पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका टेकडीवर आम्ही स्वतः वृक्षारोपणास गेलो होतो. श्रावणाचे दिवस होते. टेकडीवर गुडघ्याएवढे गवत डुलत होते, त्यात लहान लहान निळी-पिवळी फुले होती. ते गवत पायांखाली तुडवीत, जागोजाग उपटीत, आम्ही खड्डे खणले आणि त्यांत गिरिपुष्पाची रोपे लाविली. त्या प्रसंगी तुकोबांचा वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा अभंगही गायिला गेला. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात आम्ही घरी आलो. अलीकडे त्या टेकडीवर पुन्हा जाण्याचा योग आला. झाडे वाढली आहेत, त्यांच्याखाली घाणेरी आहे, गवत नाही. फुलांची तर नावेही आम्ही त्या वेळी विचारली नव्हती. सोयरीक जुळविताना आपल्याकडे घराणे पाहतात. आम्ही रोप कोठले, त्याचे कूळ काय, ते नांदणार कोणत्या घरात, ह्यांपैकी काही पाहिले नाही; आणि ज्या घरात ते धाडले त्या घरातील वडीलधाऱ्यांना तर बाहेरच काढले. तो दोष सर्वस्वी आमच्या वाचनाचा होता. आम्ही त्या टेकडीला कोरा कागद समजलो होतो.

माळ हा कोरा कागद नव्हे. ती लिहिलेली पोथी आहे. ही उपमा आम्हांस सुचली ती नाथांच्या एका कार्यावरून. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांच्या हस्तांतरात अपपाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीद दिली. नाथ स्वतः थोर कवी होते. ग्रंथात जागा रिकामी दिसली तेथे स्वतःची ओवी घालणे त्यांना अशक्य नव्हते. पण संशोधकाचा धर्म त्यांनी ओळखला होता. जे मागून शिरले ते काढावे, जे मूळचे आहे ते जपावे, आणि आपली प्रतिभा आवरून धरावी. कुरणाचे पुनरुज्जीवन करणाऱ्याचा धर्म ह्याहून निराळा नाही. वेडी बाभूळ हा माळाच्या पोथीतील प्रक्षेप आहे. आणि मोकळ्या माळावर लाविलेली झाडांची रांग, ती देशी झाडांची असली तरी, पुष्कळदा दुसरा प्रक्षेपच असते. माळाची स्वतःची झाडे आहेत: हिवर, बोर, तरवड, देशी बाभूळ. ती विरळ असतात, कारण त्या पोथीत त्यांना तेवढीच जागा आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे करावयाचे ह्याविषयी अनुभवाने काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. परके झुडूप तोडून भागत नाही. ते बुंध्याखालच्या डोळ्यांसकट उपटावे लागते, आणि तेही शेंगा पिकण्यापूर्वी. एकदा उपटून भागत नाही. जमिनीत पडून राहिलेले बी पुढची कित्येक वर्षे उगवत राहते, म्हणून दरसाल पुन्हा त्याच जागी जावे लागते. उपटताना यंत्राने सारी जमीन उलथून टाकली तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरते, कारण जुन्या गवताचे कांदे व मुळे त्यातच असतात. बी आणावयाचे ते शेजारच्या चांगल्या माळावरचे: मारवेल, पवना, शेडा, डोंगरी ह्यांचे. भाद्रपद-आश्विनापर्यंत कुरण राखावे, बी झडू द्यावे, मग गवत कापावे अथवा गुरे सोडावी; ही रीत आपल्या खेड्यांना नवी नाही. बन्नीतही जेथे बाभूळ मुळासकट काढून जागा राखली तेथे गवत परत आलेले आहे. आणि मेंढरांना कायमची बंदी करावी, असेही कोणी समजू नये. माळ आणि चरणारी जनावरे एकमेकांच्या सोबतीने वाढली आहेत. वर्षानुवर्षे न चरलेले, न कापलेले गवत स्वतःच्याच काडाखाली गुदमरते. येथे प्रमाण हवे, आणि ते प्रमाण धनगरास ठाऊक आहे. कारण दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणे व पावसाच्या आरंभी देशावर परतणे ही त्याची फेरी त्याच प्रमाणावर बसलेली आहे.

तरीही एक कटू सत्य सांगितले पाहिजे. हे पुनरुज्जीवन कधी पुरे होत नाही. नेर्लेकर ह्यांनीच जोसेफ वेल्डमन ह्यांच्याबरोबर २०२० साली जगभरच्या गवताळ प्रदेशांची माहिती एकत्र करून दाखविले आहे की, एकदा मोडलेल्या जुन्या माळास आपली मूळची वनस्पतिसंपत्ती परत मिळविण्यास निदान शंभर वर्षे, आणि बहुधा सहस्रावधी वर्षे लागतात. गवत तीन पावसांत दिसू लागते. त्या गवतातली लहान लहान फुले, कंद, आणि त्यांवर जगणारे कीटक परत येत नाहीत. म्हणजे दुरुस्तीच्या भरवशावर मोडतोड करण्याची सोय येथे नाही. फाटलेली पोथी चिकटविता येते; पण जळलेले पान पुन्हा लिहिता येत नाही. जो माळ अजून शाबूत आहे तो तसाच राहू देणे हेच पुनरुज्जीवनाचे पहिले कलम होय.

ह्यावर कोणी म्हणेल की, आपण वृक्षांचे शत्रू झालात. तसे मुळीच नाही. जेथे अरण्य होते व तुटले तेथे ते पुन्हा उभे राहावे, गावाच्या वाटेवर सावली असावी, शेताच्या बांधावर आंबा-चिंच असावी, ह्याला आमचे दोन्ही हात वर आहेत. त्या परक्या झाडांवरही आमचा राग नाही. वेडी बाभूळ आपल्या देशी शहाणीच असेल. कोळसा पाडून पोट भरणाऱ्या माणसालाही दोष देता येत नाही; बाभूळ काढावयाची तर त्याच्या चुलीचा विचार आधी झाला पाहिजे. आमचा वाद आहे तो एका शब्दाशी. 'पडीक' म्हणून ज्या भूमीचा उल्लेख होतो तिच्यावर लांडगा, चिंकारा, तणमोर ह्यांचा संसार आहे, आणि एका पक्ष्याच्या तर नावातच माळ आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात तो पक्षी दीडशेच्या आत उरला आहे. तो उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो, आणि त्यासाठी त्याला चारी दिशांना नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. ज्या मोकळेपणाला आपण उणीव समजतो तेच त्याचे घर आहे.

आता प्रस्तुत निबंधाविषयी शेवटचे दोन शब्द. शास्त्रज्ञांनी आमच्या ओव्यांकडे पुरावा म्हणून पाहावे, हा त्या ओव्यांचा सन्मान आहे. परंतु आम्हां वाङ्मयसेवकांना त्यात थोडी लाजही वाटली पाहिजे. जी पोथी आमच्या घरी होती ती वाचण्यास वनस्पतिशास्त्रज्ञ यावे लागले. आम्ही तिच्यातील रस पाहिले, अलंकार मोजले, दैवतांची कुळे शोधली. तिच्यात गवत किती आहे हे पाहिले नाही. अजून वेळ गेलेली नाही. माळावरच्या गवतांची, झुडपांची, पाखरांची शेकडो नावे आज फक्त वृद्ध गुराख्यांच्या व धनगरणींच्या जिभेवर आहेत. ती तालुक्यातालुक्यांतून टिपून ठेवणे हे कोशकारांचे, शिक्षकांचे व आमच्या सुशिक्षित वाचकांचे काम आहे. नाव गेले की वस्तू 'ओसाड' म्हणणे सोपे होते.

पुढच्या खेपेस आम्ही त्या टेकडीवर जाऊ तेव्हा हाती कुदळ नसेल, असा आमचा संकल्प आहे. घाणेरी उपटण्यास चार हात मिळाले तर बरेच. न मिळाले तर निदान बसून, उरल्यासुरल्या गवताची नावे कोणा जाणत्यास विचारून लिहून घेऊ. वाचकांनीही आपापल्या गावच्या माळाविषयी एवढे करून पाहावे.